मरते की मरून राह्यली

एका मुलीची तलवारवाली मी व्याकरणाने मारली. दुसरं हत्यार माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. दिग्रसच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते, आणि वर्तमानकाळाचे प्रकार मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येत. साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. ज्या बाईला हे पाठ, तिनेच साधा आणि अपूर्ण यांत घोळ घालून एका लढवय्या बाईला पुलावर मेली म्हणून जाहीर करावं, यात हसण्यासारखं काय आहे ते सगळ्या घराला कळलं. मला सगळ्यांत शेवटी.

तलवारवाली कागदावरची होती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर एखादा वाचक पोलीस ठाण्यात जायचा.

कापसाच्या त्या वाईट वर्षांपैकीच एक वर्ष होतं. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा, वर्तमानपत्रात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव. बाहेरगावचे नातेवाईक फोनवर आवाज खाली घेऊन विचारत, "कसं काय तिकडे?" जसं आमच्याच घरात कुणी अंथरुणाला खिळलंय. खिळलं होतं, पण ते वेगळ्या कारणाने. धाकटा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीला घरी आला आणि भाऊबीज आटोपताच मित्राच्या मोटारसायकलवरून पुसद रोडला आडवा झाला. मांडीपर्यंत प्लास्टर. संक्रांत होईपर्यंत हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. समोरच्या खोलीत खिडकीखाली त्याची खाट लावली, आणि तो दिवसभर पंख्याकडे बघून उसासे टाकू लागला. पंखा बहुतेक वेळ भारनियमनात बंदच असायचा, तरी तो बघायचा.

मग एके दिवशी त्याने बॅगेतून स्पायरल लावलेला एक झेरॉक्सचा गठ्ठा काढला आणि एक फासा. फासा सहा बाजूंचा नव्हता. वीस बाजूंचा, निळा, आवळ्याएवढा.

खेळ असा होता. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, कुणी तलवारवाला, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि आपलं माणूस आता काय करतं ते बोलायचं. ते जमलं की नाही हे फाशाने ठरवायचं. वाद झाला तर पुस्तकातल्या नियमाने. हॉस्टेलवर ही मुलं म्हणे पहाटेपर्यंत हेच करत. आणि मी इकडे शेजारणींना सांगत होते, त्याच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत चालू असतो म्हणून.

खेळायला माणसं हवीत. गोष्ट सांगणार मुलगा, बाकी घरात मिळाली ती अशी. एक मी, जादूगार. दुसरी माझी धाकटी जाऊ. घराच्या मागच्या भागात तिचं बिऱ्हाड, पण ती स्वतः कायम पुढच्या भागात. तिने पहिल्या दिवशी फासा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "हा तं राक्षसाचा लुडो हाये." आणि चोर व्हायचं ठरवलं. तिसरी शेजारची मुलगी. मागच्या जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, फिटरची, अकरावीत, माझ्याच वर्गातली. ती मुलाला वर्तमानपत्र द्यायला म्हणून आली आणि जायची विसरली.

ती झाली तलवारवाली. या मुलीच्या वाट्याला घरात तीन भावांनी वापरून उरलेलं यायचं. सायकल, दप्तर, स्वेटर, गणिताचं पुस्तकही उत्तरांवर खुणा केलेलं. ही तलवारवाली तेवढी कोरी तिची होती. तिने कागदावर तिची उंची लिहिली, केस कापलेले लिहिले, डाव्या गालावर व्रण लिहिला. नाव काय ठेवू म्हणून आठवडाभर विचार केला आणि शेवटी ठेवलंच नाही. "तिले नावाची गरज नाई," म्हणाली. गोष्टीच्या शेवटी डोंगरावर एक काळा बुरूज होता. तिथे तिची तलवारवाली पोचली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. मुलाचं प्लास्टर निघालं की तो पुण्याला जाणार आणि खेळ संपणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्याच्या आत पोचायचं.

पुस्तक इंग्रजीत. जाऊला इंग्रजीचा कंटाळा, त्या मुलीला भीती. मुलाला येत होतं, पण तो हॉस्टेलवर दुसऱ्याने चालवलेला खेळ खेळलेला. नियम स्वतः वाचायचा त्याला आळस. तेव्हा मराठीत आणायची कामगिरी मी अंगावर घेतली. कुणी सांगितली नव्हती. त्या वयात मी न सांगितलेलीच कामं जास्त हौसेने करायची.

आणि मराठी तरी कसली. मी यवतमाळची. यवतमाळ म्हणजे काही पुणं नव्हे, दिग्रसहून एसटीने सकाळी गेलं तर दुपारी परत येता येतं. पण माझे वडील कोर्टात होते आणि आमच्या घरी 'मले-तुले' म्हणणं हा दखलपात्र गुन्हा होता. लग्न होऊन दिग्रसला आले ती शुद्ध भाषेचं गाठोडं घेऊनच. सासरी सगळे 'करून राह्यलो, जाऊन राह्यलो' म्हणणारे. नवऱ्याला पहिली दोन वर्षं दुरुस्त केलं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हाव, बोलून राह्यलो ना शुद्ध." मग त्याला सोडून मी विद्यार्थ्यांच्या मागे लागले.

तर प्रत्येक खेळणाऱ्याकडे किती जीव शिल्लक आहे त्याचा एक आकडा असतो. त्याला मी 'प्राणबिंदू' म्हटलं.

जाऊ म्हणाली, "जीव म्हना ना ताई. प्राणबिंदू म्हंजे डोळ्यात टाकाचं औषध वाट्टे."

चिलखताचा जो दर्जा असतो त्याला मी 'चिलखतवर्ग' केलं. त्या मुलीने शाळेतल्यासारखा हात वर केला. "मॅडम, माही बाई कोणत्या वर्गात हाये?"

"सोळाव्या."

"अरे बाप्पा! माह्या समोर निंगाली."

विषबाधेतून किंवा जादूतून निसटायला जो फासा टाकतात त्याला 'तारकफेक'. हा शब्द सुचला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले होते, इतका मला तो आवडला. जाऊने तो एकदाही वापरला नाही. ती म्हणायची, "थांबा, वाचाचा फासा टाकते."

नियम म्हटले की फटी आल्याच. पुस्तक लिहिणाऱ्यांना आमच्या जाऊची कल्पना नव्हती. पुस्तकात होतं, झोपलेल्या शत्रूवर चोराचा हात हमखास चालतो. तिचा चोर राक्षसाच्या उशाखालची किल्ली काढायला गेला, आणि मुलगा म्हणाला की राक्षस घोरत होता. आता घोरणारा पुरता झोपलेला की अर्धा? पुस्तक गप्प. तेवढ्यात आमचे हे केंद्रावरून आले. हे खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती येतो, ओल किती, पालापाचोळा किती ते बघायचं आणि प्रत सांगायची. प्रत सांगितली की समोरचा भांडायचा. रोज, दिवसभर.

मी म्हटलं, "अहो, तुम्हीच सांगा. घोरणारा माणूस पूर्ण झोपलेला असतो का?"

"भाऊजी तं घोरता घोरता उत्तर देतेत," जाऊ म्हणाली.

यांनी शर्टावरचा कापूस झटकला. "दिवसभर मानसायच्या शिव्या खाऊन राह्यलो. आता राक्षसाच्या कायले खाऊ?" आणि आत गेले. घरात हे कशाचाच निकाल देत नसत, भाजीत मीठ कमी आहे का याचासुद्धा नाही.

मग निकाल मीच द्यायचे. 'अर्धा' म्हणून दिला. पुढे पुढे मला त्याची चटक लागली. गाडीखाली लपलेला चोर आपल्या माणसांनाही दिसत नाही का? दिसत नाही. तोंडात घास असताना मंत्र म्हणता येतो का? येत नाही, आणि माझा जादूगार ब्राह्मणासारखा चित्राहुती घालूनच जेवतो, असंही मी वर सांगितलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट मराठी कागदावर. आज ती बाई मला कुठे भेटली तर मी रस्ता ओलांडून जाईन.

असं करत करत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलो. मध्ये दरी, दरीवर दोरांचा पूल, पलीकडे लांडग्याच्या तोंडाचा एक राक्षस. रविवारची दुपार होती. तलवारवाली पुढे, मागे चोर, सगळ्यांत मागे, सुरक्षित अंतरावर, माझा जादूगार. मुलाने फासा टाकला. राक्षसाची कुऱ्हाड बसली. तलवारवालीचे पाच प्राणबिंदू उरले होते, कुऱ्हाडीने बारा घेतले.

"शून्याच्या खाली गेली," मुलगा म्हणाला. "उणे सात. आई, शून्याच्या खाली काय होतं?"

मी कागद उचलला. माझंच अक्षर. खणखणीत वाचलं, "प्राणबिंदू शून्याखाली गेल्यास पात्र मरते."

जाऊ म्हणाली, "मी पोचून राह्यली होती ना ताई. पट्टी काढली म्या पिशवीतून."

"मेलेल्या माणसाला पट्टी बांधून काय करणार? ठेव ती. पुढे लागेल."

त्या मुलीने पेन्सिल हातात धरून ठेवली होती. तिने विचारलं, "मॅडम, मरते म्हंजे मेली, का मरून राह्यली?"

आणि मी जे उत्तर दिलं ते मला अजून माझ्याच आवाजात ऐकू येतं, थोडं नाकातून. "मरून राह्यली असं मराठीत काही नसतं. मरून कुणी राहतं का? मेल्यावर राहायचं कुठे? मरते म्हणावं."

जाऊ हसली. मुलगाही थोडा हसला. ती मुलगी हसली नाही. कागदावर आडवी रेघ मारायला घेतलेली पेन्सिल तिने तशीच खाली ठेवली, आणि आईने हाक मारली म्हणून गेली. हाक मी तरी ऐकली नव्हती.

पुढचे काही दिवस ती आली नाही. शाळेत वर्गात असायची, माझ्याकडे न बघता लिहून घ्यायची. तिच्याशिवाय खेळ जमेना. चोर आणि जादूगार मिळून पुलाच्या अलीकडे नुसते बसले होते. मुलगा परत पंख्याकडे बघू लागला. शेवटी त्याने जाऊला पाठवून तिला बोलावून घेतलं आणि ती दारात दिसताच मोठ्या मनाने म्हणाला, "ये गं. आपण तुझ्या तलवारवालीला जिवंत करून टाकू. देवाने केलं म्हणू. एक देऊळ टाकतो मी पुलाजवळ."

"काहून?" ती दारातूनच म्हणाली. "मी लिंबूटिंबू आहो का?"

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोरांच्या खेळात एखादं अगदी लहान पोर हट्टाने येतं, त्याला घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद होत नाही. ते लिंबूटिंबू. तीन भावांच्या पाठीवरची ही मुलगी सगळं लहानपण लिंबूटिंबूच होती. तिच्यावर कुणी कधी राज्य येऊ दिलं नव्हतं.

"अगं, तसं नाही," मुलगा म्हणाला. "सगळे म्हणतायत तर..."

"सगळे म्हनतेत म्हनून नको. नियमात असन तं द्या. नियमात मेली असन तं मेली. रडीचा डाव नाई पाह्यजे मले." मग माझ्याकडे वळून, पण नजर खाली, "मॅडम, इंग्रजीत काय लिहेलं हाये? मी पाहू?"

आता पुस्तक माझ्या मांडीवर होतं. ते उघडून तिच्यापुढे धरायला किती वेळ लागला असता? पण मी भाषांतरकार. मी म्हटलं, "जे इंग्रजीत आहे तेच मी मराठीत आणलंय. शब्दाला शब्द." तिने मान हलवली आणि गेली.

जाऊ उठताना म्हणाली, "शब्दाले शब्द देल्ला ताई तुमी, पन पोरगी गेली."

यानंतर माझी जी फजिती झाली ती माझ्या जाऊच्या भावामुळे. बिचाऱ्याचा दोष काही नव्हता. त्याचं शेत आर्णीकडे. कापूस भरून ट्रॅक्टर तयार, आणि केंद्रावर रोज नवा हुकूम. आज घेणार, उद्या नाही, जिनिंगमध्ये जागा नाही, बारदाना नाही. म्हणून तो आधी फोन करून विचारत असे. त्या दिवशी सकाळी हे लवकर निघाले आणि चपला घालता घालता मला म्हणाले, "त्याचा फोन येईन. सांग, जागा संपली, केंद्र दुपारपावतर बंद होऊन राह्यलं. तवा लवकर ये म्हन."

फोन आला तेव्हा मी शाळेच्या घाईत होते. केसांत पिना, तोंडात पिना. तोंडातल्या काढल्या आणि शुद्ध मराठीत निरोप दिला, "केंद्र दुपारपर्यंत बंद होते."

"बरं झालं बाई सांगतलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, कसा समजूतदार माणूस. 'लवकर ये' हे वेगळं सांगायचीही गरज पडली नाही.

संध्याकाळी शाळेतून आले तर आमच्या गल्लीत ट्रॉली उभी. ताडपत्री बांधलेली, काठोकाठ कापूस. ओट्यावर जाऊचा भाऊ, हे आणि जाऊ, तिघं बसलेले. चहा झालेला दिसत होता. माझ्यासाठी ठेवला नव्हता.

"काय सांगतलं तू याले?" यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच. दुपारपर्यंत बंद होते."

जाऊचा भाऊ फार सभ्य माणूस. हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "म्या समजलो, दुपारपर्यंत बंद राहाते. मंग दुपारून उघडन. म्हनून म्या जेवनखावन करून आरामात निंगालो. आलो तं फाटक लागेलं होतं."

"बंद होते म्हंजे काय?" हे म्हणाले. "बंद होतं? का बंद राहाते? का बंद होऊन राह्यलं? म्या काय सांगतलं होतं तुले?"

बंद होते. खरंच की. यातून तिन्ही अर्थ निघत होते.

जाऊ पदराने तोंड झाकून बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, ताईच्या मराठीत राह्यलं-बिह्यलं काही नसते. बंद झाल्यावर राहाचं कुठी?"

आतून खाटेवरून मुलाचा आवाज आला. हसत होता, आणि प्लास्टरच्या आत खाजतंय म्हणून ओरडतही होता. हसणं मध्येच थांबलं. "आई," तो म्हणाला, "ए आई, इकडे ये. ते पुस्तक आण."

मी पुस्तक आणलं नाही, आधी स्वयंपाकघरात जाऊन उघडलं. झेरॉक्स फिकट होती, पण वाचता येत होती. शून्याच्या खाली गेल्यास डाइंग. त्याच्याच खाली, उणे दहाला पोचल्यास डेड. दोन वेगवेगळे शब्द, एकाखाली एक. मधल्या वेळात दर फेरीला एकेक बिंदू गळतो, आणि तेवढ्यात सोबत्यांनी येऊन पट्टी बांधली आणि फासा पंधरा किंवा वर पडला, तर माणूस वाचतं. पहिल्या शब्दाला मी 'मरते' लिहिलं होतं. दुसऱ्यालाही 'मरते'. मग एकच गोष्ट दोनदा कशाला, म्हणून दुसरं वाक्य, मधल्या पट्टीच्या ओळींसकट, पुनरुक्तीचा दोष समजून खोडून टाकलं होतं. लाल पेनने. वह्या तपासायची सवय.

मरत असते, असं लिहिता आलं असतं. अपूर्ण वर्तमानकाळ, मी दरवर्षी शिकवते तो. पण नियमपुस्तकाला साधा वर्तमान शोभतो, रुबाबदार वाटतो, असं माझं मत होतं. आणि ज्या बोलीत तो फरक न चुकता, लहान पोरही रोज करत होतं, ती बोली मी दाराबाहेर चपलांजवळ ठेवायला लावत होते.

ट्रॉली गल्लीत उभीच होती. केंद्र पुन्हा उघडेपर्यंत ती तिथेच राहिली. रस्त्यावरच्या गायी येऊन ताडपत्रीखालून ओढून खात, वाऱ्याने कापूस आमच्या पडद्यांना, तुळशीला, माझ्या चष्म्याला चिकटे, आणि येणारा-जाणारा विचारी, "मॅडम, काय झालं?" मी म्हणे, "काही नाही, व्याकरण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिटरच्या घरी गेले. मुलगी तोंडाला ओढणी बांधून अंगण झाडत होती. जिनिंगच्या भिंतीला लागून घर, तिथे झाडलं तरी घडीभरात पांढरं होतं. मला बघून तिने झाडू मागे लपवला, जसा काही तो कॉपीचा कागद होता.

मी म्हटलं, "तुझी तलवारवाली मेली नव्हती."

ती ओढणीची गाठ चाचपू लागली.

"मी चुकीचं लिहिलं. ती मेली नव्हती, ती..." इथे मला अडलं. मरत होती म्हणता आलं असतं. पण तिने ज्या शब्दांत विचारलं होतं त्याच शब्दांत उत्तर द्यायला हवं, एवढी अक्कल एव्हाना आली होती. "ती मरून राह्यली होती."

तिने ओढणी तोंडावरून खाली केली. "काय म्हनलं मॅडम?"

"ऐकलंस ना."

"नाई आलं आयकू. जिनिंगचा आवाज हाये ना."

जिनिंग त्या दिवशी बंद होतं. मी मोठ्याने म्हटलं, "मरून राह्यली होती!"

घरातून तिची आई धावत बाहेर आली, पिठाचे हात. "कोन व? कोन मरून राह्यलं?"

"कोनी नाई आई," मुलगी म्हणाली, "मॅडम शिकून राह्यल्या." आणि झाडू भिंतीला टेकवून माझ्याआधी आमच्या घराकडे चालू लागली.

खेळ पुलावर परत आणायचा होता. त्यावरही वाद झालाच. मुलाचं म्हणणं, जिथे कुऱ्हाड बसली तिथून सुरू करायचं, उणे सात. जाऊचं म्हणणं, तिचा चोर त्या वेळी पोचतच होता, पट्टी हातात होती, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते खरं होतं. ती पट्टी मीच तिला परत पिशवीत ठेवायला लावली होती. मुलाने मान्य केलं. ओट्यावर जाऊचा भाऊ ट्रॉली राखत बसला होता, तोही खिडकीतून वाकून बघू लागला.

उणे सात. जाऊने फासा दोन्ही हातांत खुळखुळवला, कपाळाला लावला, टाकला. नऊ.

"पट्टी सुटली," मुलगा म्हणाला. "उणे आठ."

मग माझा जादूगार सुरक्षित अंतर सोडून, पहिल्यांदाच, पुलावर धावत गेला. मी फासा टाकला. तो खाटेच्या कडेला लागून प्लास्टरवर चढला आणि तिथे थांबला. चौदा.

"कड लागली," जाऊ म्हणाली. "कड लागली तं परत टाकता येते. लुडोत येते."

मुलीने मान हलवली. "लुडो नोय हा." आणि कागदावर स्वतःच लिहिलं, उणे नऊ.

आता एकच वाट उरली होती. कुणाची मदत न मिळता जखमी माणूस आपल्याच बळावर सावरलं तर. त्यासाठीचा फासा गोष्ट सांगणाऱ्याने सगळ्यांच्या आड टाकायचा असतो, असा नियम होता. तो मी त्या सकाळीच पुन्हा वाचून, दोन्ही काळांत तपासून मराठीत आणला होता. सतरा किंवा वर हवा. मुलाने साडीचा रिकामा खोका उभा धरला आणि त्याच्यामागे फासा टाकला. आवाज आला. तो जरा वेळ बघत राहिला, आणि मग घाईने म्हणाला, "अठरा! वाचली!"

जाऊने टाळी वाजवली. खिडकीतून तिच्या भावाने "शाब्बास!" म्हटलं. मी त्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्या मुलाच्या कानांकडे बघत होती. ते लाल झाले होते.

"दाखवा," ती म्हणाली.

"अगं, नियमाप्रमाणे आड टाकायचा असतो. दाखवायचा नसतो."

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, आड टाकाचा लिहेलं हाये, का दाखवाचा नाई लिहेलं हाये?"

मी पुस्तक उघडलं. इंग्रजी. तिच्यापुढे धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि दोघींनी मिळून वाचलं. आड टाकायचा, एवढंच होतं. दाखवायचा की नाही याबद्दल पुस्तक गप्प.

तिने हात पुढे केला आणि खोका हलकेच बाजूला सारला. प्लास्टरच्या पायाजवळ चादरीच्या सुरकुतीत फासा पडला होता. चार.

मुलगा म्हणाला, "मला वाटलं की..." जाऊ उठून चहा ठेवायला गेली. ओट्यावरून आमच्या ह्यांचा आवाज आला, "काय झालं?"

त्या मुलीने पेन्सिल घेतली. उणे नऊवर रेघ मारून उणे दहा केलं, मग आखल्यासारखी सरळ, आडवी रेघ अख्ख्या कागदावर, उंचीवरून, केसांवरून, गालावरच्या व्रणावरून ओढली. रडते की काय म्हणून मी वाकून पाहिलं. कागदाची घडी घालून तिने खिशात ठेवली, मुलाच्या बॅगेतून वहीचं एक कोरं पान काढलं, फासा उचलला आणि मला म्हणाली, "आता मेली, मॅडम. बराबर मेली. चाला, आता मले दुसरी बाई करू द्या, बुरूज कुठी पळून नाई चालला."